एका दिव्याची बस

आमच्या धाकटीचं कौतुक करायचं असेल तर जिन्याखाली जाऊन तिच्या दारात करा, माझ्या दारात नको. गल्लीत जो भेटतो तो तेच दळण दळतो. "काय हो, तुमच्या कंडक्टरबाईंना लहान मुलांची काय हातोटी आहे!" हातोटी म्हणे! मी एक मुलगा वाढवला, त्याचं लग्न करून दिलं, आता नात सांभाळते, आणि हातोटी हिची, जिच्या घरात कधी पाळणा हलला नाही. असं बोलू नये, कळतं मला. पण ती माझ्याबद्दल काय बोलते ते तुम्ही ऐकलेलं नाही.

धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. माझा दीर बस डेपोत मेकॅनिक होता आणि ही त्याच डेपोत कंडक्टर. तो बिचारा लवकर गेला. हिने नोकरी पुरी केली आणि निवृत्त झाली. घर सासऱ्यांनी बांधलेलं. खालच्या दोन खोल्या तिच्या, वरच्या तीन आमच्या. मधे एक जिना आणि त्या जिन्यावर आमचं भांडण.

तिची जीभ म्हणजे काही विचारू नका. मीटर बघायला आलेला माणूस असो की दारावर आलेला पेपरवाला, सरळ शब्द तोंडातून निघायचा नाही. दवाखान्यात एक साहेब रांग मोडून पुढे घुसत होते, तर हिने त्यांची बाही धरून त्यांना पार शेवटी नेऊन उभं केलं. वर म्हणते कशी, "चढायचं मागच्या दाराने, उतरायचं पुढच्या." सगळा दवाखाना हसला. मी तोंड फिरवून बसले, कुणाला कळू नये की ही आमच्या घरातली.

आणि हीच बाई पोरांपुढे विरघळते. एकदा सासूबाईंना घेऊन मी तिच्याच गाडीत बसले होते. पुढच्या बाकावर एक पोरगं खिडकीसाठी भोकाड पसरून बसलेलं. त्याची आई त्याला लोकांच्या नकळत चिमटे काढत होती आणि ते आणखीनच ताणत होतं. ही आली, वाकली आणि त्या शेंबड्याला म्हणाली, "ओ साहेब, मागचं दार नीट लागलंय का ते बघायला माझ्याकडे माणूस नाही. बघता का जरा? तुम्ही 'डबल' म्हटल्याशिवाय मी घंटी देणार नाही." पोरगं नाक पुसून ताठ बसलं. दर थांब्याला मान वळवून दार बघायचं, "डबल!" म्हणायचं, मग ही दोरी दोनदा ओढायची आणि गाडी हलायची. उतरताना हिने त्याला सलाम ठोकला आणि त्याच्या आईला सगळ्यांदेखत सुनावलं, "आणि तुम्ही, चिमटे घरी जाऊन काढा." मेल्याहून मेल्यासारखं झालं असेल त्या बाईला. मी त्या बाईच्या बाजूची. अजूनही आहे.

कारण तीच पाळी पुढे माझ्यावर आली. माझा मुलगा तेव्हा नुकता शाळेत जायला लागलेला. बूट घालायला रोज तमाशा. एके दिवशी माझा पारा चढला आणि मी त्याला कान धरून अनवाणी जिन्याने खाली आणत होते. ही पिशवी खांद्याला लावून ड्यूटीला निघालेली. बाहेर शेजारणी पाणी भरत होत्या. त्यांच्यासमोर, बरं का, म्हणाली, "ताई, पोरगं वाढवताय की हाकताय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "आधी स्वतःचं आणून दाखव, मग मला शिकव."

ती गप्प झाली. तिला गप्प झालेलं मी तेव्हा एकदाच पाहिलं. पिशवी सावरून निघून गेली आणि त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद.

बंद म्हणजे अगदीच बंद करून कसं चालेल? एका घरात राहायचं, नळ आहे, टाकी आहे, जिना झाडायचा आहे. त्यासाठी भिंत आहे. ती जिन्याच्या भिंतीकडे बघून म्हणते, "वरून पाणी गळतंय म्हणे." मी वरून कठड्याला सांगते, "टाकी खालच्यांनीच वाहती ठेवली होती." मुलगा हसायचा, सून कपाळावर हात मारायची. माझा मात्र एक नियम पक्का. भिंतीला सांगितलेलं मी ऐकून घेत नाही. भिंतीला सांगितलं ना, मग भिंतीने करावं. माझ्याकडे काम असेल त्याने माझं तोंड बघून बोलावं.

मग नात झाली. तिच्या पायाला भिंगरी, म्हणून नावही भिंगरीच पडलं. एका जागी ठरायची नाही, पण चालताना दाराच्या चौकटीला धडकायची, वाटीत हात घालताना वाटीच्या बाहेर घालायची. आम्हाला वाटलं, धांदरट आहे. डोळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं तर ते म्हणाले, एक डोळा आळशी आहे. चांगला डोळा सगळं काम ओढतो, म्हणून हा नुसताच बसून खातो. उपाय एकच. चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी लावायची, म्हणजे आळशाला झक मारत कामाला लागावं लागेल. आणि हे आत्ता, लहान आहे तोवर. वय निघून गेलं की हा डोळा असून नसल्यासारखा.

त्यांनी आमच्यासमोर तिचा चांगला डोळा हाताने झाकला आणि सुनेला पलीकडच्या भिंतीशी उभं राहायला सांगितलं. "तिथे कोण आहे गं?" भिंगरी नुसती बघत राहिली. सून न राहवून "अगं" म्हणाली, तेव्हा कुठे पोरगी हसली, "आई!" आवाजावरून ओळखलं तिने आपल्या आईला. सून तिथेच भिंतीला टेकून रडायला लागली.

मुलगा छापखान्यात, सून कारखान्यात पाळीवर. दिवसभर पोरगी माझ्याकडे, म्हणजे पट्टीही माझ्याकडे. मी काय करायचं ठेवलं नाही? चिकटपट्टी लावली, तर तिने ओरबाडून काढली, भुवईचे केस निघाले. मी शिवणाचं मशीन काढलं, कापडाची पट्टी शिवली आणि मागे गाठ मारायला नाड्या लावल्या. तिने ती डोक्यावरून उपसली. हातांना मोजे बांधले, तर दातांनी सोडले. मांडीत दाबून धरलं, तर मनगटाला अशी चावली की आठवडाभर वळ होता. दोन धपाटे घातले. हो, घातले. डोळा जातोय पोरीचा आणि मी काय आरती ओवाळत बसू? ती किंचाळायची, मी ओरडायची आणि पट्टी जमिनीवर.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी तपासलं आणि मान हलवली. "काहीच फरक नाही. पट्टी डोळ्यावर राहतच नाही वाटतं?" विचारलं सगळ्यांना, बघितलं माझ्याकडे.

घरी येताना मुलगा म्हणाला, "आई, जरा गोडीने घे."

"गोडीने? तू काय गोडीने वाढलास?"

"नाही," तो म्हणाला आणि पुढे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सून मला न विचारता खाली गेली. काय बोलली कोण जाणे, पण संध्याकाळी धाकटीची पावलं आमच्या जिन्यावर वाजली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी दूध तापवत होते. ती माझ्याकडे न बघता आत आली. हातात एक घंटी होती, लांब दोरी लावलेली. निवृत्तीच्या दिवशी डेपोतल्या पोरांनी भंगारातल्या बसची काढून दिलेली ती. तिने ती आमच्या कठड्याला वर बांधली आणि दोरी जिन्याने खाली सोडली. परवानगी? कुणाची परवानगी? तिच्या बापाचं घर जणू!

मग तिने खुर्च्या एकामागे एक लावल्या आणि जमिनीवर फतकल मारून बसली. पोरीकडे ढुंकूनही बघेना. आपल्याशीच पुटपुटायला लागली. "आज काही गाडी निघत नाही. एक दिवा गेलाय. एका दिव्यावर गाडी नेईल असा ड्रायव्हर आणू कुठून? साहेब तर ओरडणार मला. माझी नोकरीच जाणार."

भिंगरी पडद्यामागे होती. पडदा हलला. "मी नेते."

"तुम्ही?" धाकटीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "एका दिव्यावर? खड्डे किती आहेत माहीत आहे का?"

"येते मला."

"बघा बुवा. लायसन?"

पोरीने तळहात पुढे केला. हिने त्यावर पेनने फुली मारली, लायसन झालं. मग पाकिटातून एक चिकटपट्टी काढून खुर्चीवर ठेवली. "हा उजवा दिवा बंद करायचा कागद. मला काही लावता येत नाही, माझे हात थरथरतात. डेपोत लावून घ्यावा लागेल."

आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या पोरीने ती पट्टी उचलली आणि स्वतःच्या हाताने स्वतःच्या उजव्या डोळ्यावर चिकटवली. वाकडी लागली, पण लागली. धाकटीने दोरी दोनदा ओढली, टिंग टिंग, आणि गाडी निघाली. माझं दूध उतू गेलं ते मला वासावरून कळलं.

तुम्हाला वाटेल मला आनंद झाला. झाला ना! पट्टी राहिली, त्याचा झाला. पण महिनोन् महिने माझ्या तीन खोल्यांत दुसऱ्या बाईची बस फिरत होती, त्याचं काय? बूट घालायचे म्हणजे चाकं चढवायची. दूध म्हणजे डिझेल. खुर्च्यांना थांब्यांची नावं. तिने आणलेली रंगीत बटणं म्हणजे प्रवासी, एकेक वेचून वाटीत बसवायचे. डोळा बारीक करून पोरगी तासभर बटणं वेचायची. धाकटीचे गुडघे दुखायचे, मधूनच कळ आली की ती भिंतीला शिवी द्यायची, पण बस सोडायची नाही. मी एवढं "दूध पी, दूध पी" म्हणून घसा कोरडा करायचा, तर पोरगी मला म्हणे, "आजी, थांबा आला की पिईन."

मी कठड्याला ऐकवलं, "जगात पोरीच्या मागे घंटी घेऊन कोण फिरणार आहे?"

ती भिंतीला म्हणाली, "काठी घेऊन तरी कोण फिरणार आहे?"

आणखीही बरंच सांगायची भिंतीला. "एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. घरातल्यांनी लक्षात ठेवावं. घंटी हाताशी नसली तर तोंडाने करावं. आणि पट्टी असताना पोरीला रस्त्यावर नेऊ नये, लांबचं दिसत नाही तिला." सुनेने ऐकलं, मुलाने ऐकलं. भिंतीने ऐकलं. मी मशीन चालवत होते.

मग तो दिवस. धाकटीला डेपोत पेन्शनचं काम होतं. सकाळी पोरीला पट्टी लावायला लावून ती गेली. मी खाली दूध आणायला निघाले, तर शेजारीण म्हणते, "कंडक्टरबाई नाहीत का? मग आज पट्टीचं कठीण दिसतंय." नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. म्हटलं, दाखवतेच तुला. वर गेले, भिंगरीला पट्टीसकट घेतलं आणि निघाले गल्लीतून मिरवत. एका हातात दुधाची स्टीलची बरणी, दुसऱ्या हातात पोरीचं बोट. पण तिने एक ताटली घेतली होती, ती तिचं स्टिअरिंग. त्याला दोन्ही हात लागतात म्हणून तिने बोट सोडवून घेतलं आणि सुटली पुढे, घर्रर्र करत.

पुढे फर्निचरच्या दुकानातून एक ट्रक मागे येत होता. मागे बघायला माणूस नाही. भिंगरी सरळ त्याच्याकडे निघालेली.

मी ओरडले, "थांब! ए थांब!" पोरगी चालतेच आहे. "थांब गं कार्टे, थांब!" मान सुद्धा वळवली नाही तिने. मला पळता येईना. माझ्या हातात बरणी होती, मला सुचलं ते मी केलं. झाकण घेतलं आणि बरणीवर जिवाच्या आकांताने आपटलं. ठण ठण! ठण ठण!

भिंगरीने वेग वाढवला.

मी वाजवतेय आणि ती पळतेय. मी आणखी जोरात वाजवतेय आणि ती हसत हसत आणखी जोरात पळतेय, त्या चाकाकडे. आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एक आवाज आला. भरलेल्या गाडीत मागच्या दारापर्यंत पोचायचा तोच आवाज. "टिंग!"

एकदाच.

पोरगी जागच्या जागी उभी राहिली. ताटली छातीशी धरून, एक पाय पुढे. ट्रकचं मागचं चाक तिच्या समोरून गेलं, माझा हात पुरेल एवढ्या अंतरावरून. मग ट्रकवाल्याला कुणीतरी हाका मारल्या आणि तो थांबला.

धाकटी आली ती सरळ माझ्याकडे. तोंड पांढरंफटक. माझ्या तोंडाकडे बघत होती, भिंतीकडे नाही.

"दोनदा? दोनदा वाजवलंस?"

"मला काय माहीत तुझी एक नि दोन! मी थांब म्हणत होते!"

"ते तर तू सकाळपासून झोपेपर्यंत म्हणतेस! पळू नको थांब, खाऊ नको थांब, बोलू नको थांब. तुझं थांब कुणी ऐकेल का? तिला घंटी कळते. मी सांगितलं नव्हतं, एक म्हणजे थांब? सांगितलं नव्हतं, पट्टी घालून रस्त्यावर नेऊ नका?"

"मला नाही सांगितलंस. भिंतीला सांगितलंस!"

सगळी गल्ली जमली होती. ती वळली. भिंगरीला कडेवर घेतलं, गुडघे दुखत असताना, आणि घराकडे चालायला लागली. घरी गेल्यावर तिने कठड्यावरची घंटी सोडली आणि दोरी गुंडाळून घेतली. सून "काकू, असं नका करू" म्हणत मागे धावली. तिला म्हणाली, "माझ्याच खेळाने पोरगी चाकाखाली जात होती. ज्या गाडीत दोन बायका दोन तऱ्हेच्या घंट्या वाजवतात, त्या गाडीत मी पोर बसवणार नाही. बस बंद."

चूक कुणाची, तुम्हीच सांगा. अख्खं जग "थांब, थांब" दोनदाच म्हणतं. हिच्याच राज्यात एकदा. पण मला कोण विचारतं! सुंठीवाचून खोकला गेला, म्हटलं मी. बरं झालं, खुर्च्या जागेवर आल्या.

आणि पट्टी पुन्हा जमिनीवर आली. भिंगरी किंचाळायची नाही आता. नुसती काढून ठेवायची आणि कठड्याशी जाऊन बसायची, जिथे घंटी बांधलेली होती तिथे. डॉक्टरांकडे जायची तारीख जवळ आलेली. सून माझ्याशी गरजेपुरतं बोलायची, मुलगा तेवढंही नाही. शेवटी एक दिवस घरात कुणी नसताना मी दार लावून घेतलं. हो, लाज वाटत होती म्हणून लावलं. खुर्च्या एकामागे एक लावल्या आणि तोंडाने म्हटलं, "टिंग टिंग."

भिंगरीने माझ्याकडे बघितलं. "आजी, तुझी घंटी खोटी आहे."

"का गं?"

"तू 'थांब' म्हणायला पण 'चल' वाजवतेस."

चार वर्षांची पोर. मी खुर्चीवर बसून राहिले. चिडायचं होतं, पण चिडू कुणावर? ती खरं बोलत होती आणि तिचा डोळा वाया चालला होता. उठले आणि जिना उतरून धाकटीच्या दाराशी गेले. चपला काढल्या, चौकटीत उभी राहिले. ती बटणं निवडत बसली होती. तिने वर बघितलं आणि मग भिंतीकडे वळून म्हणाली, "कुणाला काय पाहिजे म्हणे?"

भिंतीला उत्तर देणं सोपं होतं. मी नाही दिलं. मी म्हटलं, "माझ्याकडे बघ. मला घंटी शिकव."

तिने हातातली बटणं वाटीत टाकली. मग म्हणाली, "पहिल्या दिवशी कुणी कंडक्टर होत नाही. आधी प्रवासी हो." उठली, पट्ट्यांच्या पाकिटातून एक काढली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "चांगला डोळा कुठला तुझा?"

"डावा. उजव्यात मोतीबिंदू आहे." हेही तिला माहीत नव्हतं. कधी सांगितलं होतं मी?

तिने पट्टी अशी दाबून लावली की डोक्यात कळ गेली. प्रेमाबिमाने नाही हं, सूड उगवल्यासारखी. आणि सगळं धुकं झालं. दार आहे तिथे पांढरं, जिना आहे तिथे काळं. हात पुढे केला तर बोटं दिसेनात. आणि ह्या धुक्यात मी त्या लेकराला धपाटे घालत होते, आणखी काय!

"काही दिसत नाही मला," मी म्हटलं.

"मग? तिला दिसत होतं?"

तिने घंटी घेतली, मला ओलांडून वर जाऊन बांधून आली आणि दोरी भिंगरीच्या हातात दिली. मग खाली माझ्या शेजारी उभी राहून वर ओरडली, "ड्रायव्हरसाहेब! खालून एक गाडी येतेय, एका दिव्याची. जुनी गाडी आहे, ब्रेक नाहीत, हॉर्नच हॉर्न आहे. तुमचाही एक दिवा बंद करा, नाहीतर टक्कर होईल. आणि घंटी द्या."

वर धावपळ झाली. कागद फाडल्याचा आवाज आला. मग वरून भिंगरी म्हणाली, "केला बंद!"

मी पायांनी चाचपून चपला घातल्या. टिंग टिंग. भिंतीला हात लावून पहिली पायरी चढले. टिंग टिंग. दुसरी. मधली एक पायरी फुटकी आहे, रोज मीच सगळ्यांवर ओरडते त्या पायरीवरून, पण ती नेमकी कितवी ते मला अंधारात आठवेना. पाय उचलला.

टिंग.

मी थांबले. पाय हवेत तसाच.

"आजी, ती फुटकी आहे. आणि आजी, तुझ्या पायात एक चप्पल तुझी आहे आणि एक कंडक्टरआजीची. त्या चपलेला लाल पट्टा आहे!"

मी खाली माझ्या पायांकडे बघितलं. मला काहीच दिसत नव्हतं. जिना लांब आहे आमचा, ती पार वर उभी होती.

"खरं आहे का गं?" मी मागे विचारलं.

"लाल पट्टा माझ्याच चपलेला आहे," धाकटी म्हणाली. मग तिने वर विचारलं, "साहेब, दिवा खरंच बंद आहे ना तुमचा? उजवा?"

"उजवाच बंद आहे. बघ की!"

धाकटी मटकन खालच्या पायरीवर बसली. रडत होती की हसत होती, मला काय दिसतंय! मी आपली भिंत धरून उभी. माझ्याही डोळ्यातून पाणी येत होतं, पण ते मोतीबिंदूचं. डॉक्टरांनी सांगितलंय, येतं म्हणून.

"चप्पल दे माझी," ती म्हणाली. "चोर कुठली."

"वर येऊन घे."

वरून दोनदा घंटी वाजली आणि मी फुटकी पायरी ओलांडून, एका पायात तिची चप्पल घालून चढायला लागले.